खंबाटकीत बुलेट ऑइल ओकायला लागली, कोल्हापुरात अडकलोय, मदत हवी

शनिवारपेठी | शुक्रवार, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. स्वार्थी म्हणा हवं तर.

गाडी बुलेट ३५०, १९७९ ची. बिडाचं इंजिन, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. वडिलांनी घेतलेली. ते गेल्यावर चार वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून होती, मागच्या वर्षी पुन्हा रस्त्यावर आणली. दोन महिन्यांपूर्वी पुण्यातल्याच एका गॅरेजमध्ये वरची सगळी पॅकिंग नवी टाकून घेतली.

बेत असा: पुणे, कोल्हापूर, आजरा, आंबोली, मालवण. तिथे तीन रात्री आणि परत. सोबत मेहुणा, त्याची गाडी कोरी करकरीत. पहाटे पाचला निघालो. निघताना डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची सळई) बघितली तर पार कोरडी, म्हणून अर्धा लिटरच्या वर ऑइल ओतलं. खंबाटकी चढताना दोनदा वाटलं की इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही तेवढी पुढे सरकत नाही. घाट उतरून सुरूर फाट्याला चहाला थांबलो तर मेहुणा म्हणतो, "दाजी, एकाच बुटाला पॉलिश केलंय का?"

डावा बूट घोट्यापर्यंत काळा चकचकीत. डाव्या झाकणाच्या कडेने ऑइल टपकतंय. उजवीकडे बघितलं तर टॅपेट कव्हर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांवरचं झाकण) आणि त्याच्या वरच्या फिन्सही (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) ओल्या. साताऱ्यात अंदाजाने आणखी पाव लिटर टाकलं, पुसत पुसत कोल्हापूर गाठलं. आता गाडी लॉजच्या अंगणात उभी आहे आणि मालकाने तिच्याखाली आपणहून घमेलं आणून ठेवलंय.

नवी पॅकिंग दोन महिन्यांत जातात का? पुढे जाऊ की टेम्पोत टाकून परत आणू?

---

घाटकुत्रा | रात्री ९:०२

बुलेट गळत नसेल तर ऑइल संपलंय असं समजायचं. हलकेच घ्या.

सगळे नट आवळून घ्या, वरून सीलंट थापा, निघा. मी असंच लडाख केलंय.

---

वाचकपंत | रात्री ९:१०

गाडीचं मलाही वाईट वाटतंय, पण धाग्याच्या शब्दखुणांमध्ये 'व्हिंटेज' लिहिलंय ते दुरुस्त करा. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्याप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली तरच ती व्हिंटेज. १९७९ ची गाडी २०२९ पर्यंत नुसती जुनी.

---

शनिवारपेठी | रात्री ९:१४

पंत, आत्ता?

---

वाचकपंत | रात्री ९:१५

उलट फायद्याचं सांगतोय. तशी नोंदणी घेतली तर 'व्हीए' मालिकेची पाटी लागते आणि मग गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा ठरावीक कारणांपुरतीच बाहेर काढता येते. मालवण विसरायचं. जुनी आहे तेच बरं आहे.

---

येझदीवाली | रात्री ९:२०

घाटकुत्रा यांचा सल्ला कृपया ऐकू नका. तुमच्या इंजिनाचं टॅपेट कव्हर एकाच नटावर असतं आणि डावीकडचं प्रायमरीचं (इंजिनाची ताकद क्लचला देणाऱ्या चेनच्या कप्प्याचं) झाकणसुद्धा एकाच नटावर. तो जास्त आवळला की झाकण मधोमध आत ओढलं जातं आणि कडा उचलतात. आधी थेंब पडत होता, मग धार लागते. सीलंटचंही तेच. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही पिळून जातं. टायमिंग कव्हरमधल्या ऑइलच्या वाटा केवढ्याशा असतात, त्यात एक गोळी अडकली की वरच्या रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला) ऑइल बंद. लडाख वगैरे नशिबाच्या गोष्टी झाल्या.

---

जुनाफिटर | रात्री ९:४१

मी चाळीस वर्षं हेच काम केलंय. आता गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही म्हणून इथे बसतो. तीन प्रश्न विचारतो, नीट उत्तरं दे.

१. गाडी निघण्याआधी किती दिवस उभी होती?
२. डिपस्टिक इंजिन चालवून बघितली की थंडच?
३. इंजिन ओरडत होतं पण गाडी ओढत नव्हती म्हणतोस, तेव्हा क्लच घसरत होता का?

पॅकिंगवाल्याला शिव्या नंतर घालू.

---

शनिवारपेठी | रात्री ९:५०

काका, तीन आठवडे उभी होती. ऑफिसचं क्लोजिंग चाललं होतं. डिपस्टिक थंडच बघितली, पहाटे साडेचारला, मोबाइलच्या उजेडात. आणि हो, आता तुम्ही म्हणताय तर क्लचच घसरत होता.

---

जुनाफिटर | रात्री १०:०८

मग डिपस्टिक खोटं बोलली आणि तू विश्वास ठेवलास.

तुझ्या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी दिसत नाही, पण असते. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) मागे, त्याच ओतकामात कप्पा आहे. डिपस्टिक त्या कप्प्यातली पातळी दाखवते. पंप दोन. एक कप्प्यातून ऑइल उचलून क्रँकला देतो, दुसरा क्रँकखाली साचलेलं परत कप्प्यात टाकतो. परतीचा पंप मोठा असतो, म्हणून चालत्या गाडीत क्रँकखाली ऑइल साचत नाही. पण गाडी आठवडे न् आठवडे उभी राहिली की पंपातून हळूहळू झिरपून कप्प्यातलं ऑइल क्रँककडे उतरतं. डिपस्टिक कोरडी. ऑइल मात्र आतच आहे, घर सोडून कुठे गेलेलं नाही.

अशा वेळी आधी गाडी चालू करायची, पाच-सात मिनिटं चालवायची, बंद करून जरा थांबायचं आणि मग बघायचं. तू काय केलंस, भरल्या घरात अर्धा लिटर ओतलंस. वर साताऱ्यात पाव लिटर. सगळं मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास मावणारं इंजिन ते. अशी डिपस्टिक बघून ऑइल ओतणारी गिऱ्हाइकं मी नाना पेठेत दर पावसाळ्यानंतर बघितली आहेत. चार महिने गाडी उभी, मग दसऱ्याला पुसायची, डिपस्टिक बघायची, ओतायचं, आणि संध्याकाळी आमच्या दारात.

---

मास्तर_मेकॅनिकल | रात्री १०:२५

काकांच्या बोलण्यात एक भर घालतो. जास्तीचं ऑइल हे निम्मं कारण असावं. उरलेलं निम्मं हवेचं.

बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणून ३४६ सीसी. पिस्टन खाली येतो तेव्हा वरची जागा जेवढी वाढते तेवढीच खालची कमी होते. म्हणजे दर फेऱ्याला तेवढी हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा. दोन सिलेंडरच्या काही इंजिनांत एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो, आतली हवा आतल्या आत इकडून तिकडे जाते. एका सिलेंडरला ती सोय नाही. म्हणून ब्रीदरची नळी, आणि तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर. आतला दाब आला की चोच उघडते, हवा बाहेर. पिस्टन वर गेला की चोच मिटते, बाहेरची हवा आत येत नाही. चार वर्षं जिन्याखाली पडलेल्या गाडीत ते रबर मूळचंच असेल तर कडक होऊन ओठ चिकटले असणार. मग दाब जाणार कुठे? जिथे वाट मिळेल तिथे. गॅरेजवाल्याने पॅकिंग कितीही चांगली बसवली असली तरी.

---

येझदीवाली | रात्री १०:३३

आणि क्लच घसरण्याचा हिशोब लागतोय बघा. दाबाने इंजिनाचं ऑइल क्रँकच्या टोकाशी असलेल्या सीलमधून प्रायमरीत गेलं असणार. प्रायमरीत जेमतेम अर्ध्या लिटरहूनही कमी ऑइल लागतं, ती काठोकाठ भरली, क्लचच्या प्लेटा बुडाल्या, आणि जे मावेना ते झाकणाच्या कडेने तुमच्या बुटावर. डावा बूट आणि उजव्या फिन्स हे दोन वेगळे चोर आहेत. एकाच फटक्यात दोन्ही पकडायला जाऊ नका.

---

रंकाळ्याचा_रघू | रात्री १०:४०

भावा, कोल्हापुरात आहेस आणि अडकलोय म्हणतोस? अडकलोय म्हणू नकोस, मुक्कामी आहे म्हण. सकाळी हत्यारं घेऊन येतो, लॉज कुठल्या बाजूला ते व्यक्तिगत निरोपात कळव. आधी मिसळ, मग बुलेट.

---

जुनाफिटर | रात्री १०:५५

जायच्या आधी एक. तुझा मागचा ब्रेक डावीकडे, चेनच्याच बाजूला आहे. तिकडेच ऑइल उडालंय. टायरची कड आणि ड्रम हात लावून बघ. ड्रममध्ये ऑइल गेलं असेल तर आंबोली उतरायची नाही. टेम्पो कर, लाज वाटून घेऊ नकोस.

---

शनिवारपेठी | शनिवार, दुपारी १२:१५

रघूभाऊ आठला दारात हजर. मिसळीचे पैसे देऊ दिले नाहीत, तो हिशोब बाकी आहे.

अहवाल देतो. मागचं चाक आतल्या बाजूने शिंतोड्यांनी भरलेलं, पण ड्रम उघडून बघितला तर लायनर कोरडे. तिथे पहिला श्वास सोडला.

इंजिन सात मिनिटं चालवलं, थोडं थांबलो, डिपस्टिक काढली. वरच्या खुणेच्या वर बोटभर ऑइल. काका, साष्टांग. ड्रेन बोल्ट खोलायला रघूभाऊंनी मना केलं ("जुना आटा, प्रवासात हात लावू नये"). मग मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आणली. नळी भोकातून आत सोडायची, ओढायचं, बाटलीत सोडायचं. आठ वेळा ओढल्यावर पातळी खुणेवर आली. मेडिकलवाल्याने विचारलं पेशंट कोण, मेहुण्याने गाडीकडे बोट दाखवलं.

प्रायमरीचा लेव्हल स्क्रू सैल केला तर पावभर ऑइल आपणहून बाहेर आलं. थेंब थांबेपर्यंत थांबलो, स्क्रू लावला.

आणि ती चोच. मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो. रबर कसलं, वाळकी चिंच झाली होती. ओठ एकमेकांना घट्ट. नखाने उघडायला गेलो तर एक कोपरा तुटून हातात आला. ती काढून नळीच्या तोंडावर अंगठा धरला आणि मेहुण्याला किक मारायला सांगितली तर अंगठ्यावर धुक् धुक् हवा लागायला लागली.

आता इथे नवी चोच मिळेना. नळी उघडी ठेवून पुढे जाऊ का?

---

मास्तर_मेकॅनिकल | दुपारी १२:३०

झडप नाही म्हणजे पिस्टन वर जाताना बाहेरची धूळ आत ओढली जाणार. लांब नळी जोडा, ती मागच्या बाजूला, टायरपासून दूर, उंचावर न्या. टोकाला पाण्याची लहान बाटली, झाकणाला भोकं, आत फडक्याचा सैल बोळा. सैल म्हणतोय, ठासू नका. ठासलात की पुन्हा तीच गत. तात्पुरतं चालेल.

---

घाटकुत्रा | दुपारी १२:४१

नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले की कळतं ब्रीदर चालतोय का.

---

जुनाफिटर | दुपारी १२:४४

आणि झडप नसताना पाणी आत खेचलं गेलं की? ऑइलचं ताक करायचंय का? अंगठा पुरतो.

---

शनिवारपेठी | शनिवार, रात्री ९:३०, मालवण

पोहोचलो! मधलं सविस्तर लिहितो, कारण दुसरा चोर वाटेत सापडला.

निघण्याआधी रघूभाऊंनी डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन उजवी बाजू लख्ख धुतली (रॉकेल आता मिळतं कुठे), फडक्याने कोरडी केली आणि मेहुण्याची टाल्कम पावडर सगळ्या इंजिनावर भुरभुरली. बुलेट देवीला निघाल्यासारखी दिसत होती. कागलला थांबून बघितलं. डावीकडची पावडर पांढरीशुभ्र. उजवीकडे एकच बारीक काळी रेघ. आणि ती टॅपेट कव्हरपासून सुरू होत नव्हती! वर, हेडला जिथे रॉकरच्या ऑइलची बारीक पाइप जोडली आहे त्या बोल्टपासून निघून, फिन्समधून वाट काढत टॅपेट कव्हरवर येऊन पसरत होती. म्हणजे काल मी ज्याला ओला बघून दोष देत होतो ते बिचारं खालच्या मजल्यावर राहतं, गळका नळ वरच्यांचा.

त्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर. नवे जवळ नाहीत. येझदीवाली ताईंना निरोप केला, त्यांनी उपाय सांगितला: तापवून मऊ करा.

निपाणीवरून आजऱ्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो, इंजिन निवू दिलं. बोल्ट खोलला. वायसर दाबून दाबून काचेसारखे कडक झालेले, एकावर नखाएवढा खड्डा. टपरीवाल्या मावशींना विचारलं, शेगडी पाच मिनिटं देता का. सांडशीत वायसर धरून निळ्या ज्योतीत धरला. आधी त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग धावले, मग तो काळपट झाला, मग अंधारलेल्या कोपऱ्यात धरून बघितला तेव्हा मंद लाल दिसला. लगेच भांडी धुवायच्या पाण्यात. चुर्रर. मावशी म्हणाल्या, "नथ करायला घेतलीया काय?" बाहेर काढला तर बोटाने दाबल्यावर वाकत होता. पॉलिशपेपर मेहुण्याच्या पाठीवरच्या बॅगेत होता, काच मावशींच्या बरणीच्या कपाटाची. त्यावर गोल गोल घासून दोन्ही बाजू सपाट केल्या, बसवले, बेताने आवळले.

बोल्ट बंद करण्याआधी इंजिन क्षणभर चालवून वर ऑइल येतंय ना ते बघितलं. आलं.

आंबोली उतरताना धुकं होतं. मागचा ब्रेक ठीक. सावंतवाडीत थांबून बघितलं तर रेघ नाही.

---

नुसताचवाचक | रात्री ९:५२

लाल झालेलं लोखंड पाण्यात बुडवलं की कडक होतं ना? मग तांबं मऊ कसं?

---

येझदीवाली | रात्री १०:०५

लोखंडाच्या म्हणजे पोलादाच्या उलट. तांबं दाबलं, ठोकलं, वाकवलं की कडक होतं. तापवलं की आतली ताणलेली रचना पुन्हा सुटी होते आणि ते मऊ पडतं. पाण्यात बुडवलं काय न् तसंच निवू दिलं काय, मऊच. पाण्याने वरची काजळी सुटते आणि हात भाजत नाही एवढंच. तांबटाकडे हंडा ठोकताना मध्ये मध्ये भट्टीत घालतात ते याचसाठी. कसब्यात तांबट आळीत उभं राहून बघा कधी.

अवांतर: माझ्या गाडीला इंजिन ऑइल नाहीच, पेट्रोलमध्येच मिसळायचं. म्हणून मी निर्धास्त होते. तर एकदा गिअरबॉक्सचं ऑइल कमी व्हायला लागलं आणि खाली एक थेंब नाही! क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलं होतं, इंजिन गिअर ऑइल पिऊन पांढरा धूर सोडत होतं. तुमची निदान सांगून तरी गळते.

---

जुनाफिटर | रात्री १०:२०

शाब्बास. आता परत येताना दर शंभर किलोमीटरला डिपस्टिक. चालवून, थांबून. आणि सिरिंजने काढलेलं ऑइल फेकू नको, स्वच्छ असेल तर लागल्यास तेच घाल.

---

शनिवारपेठी | पुढचा रविवार, सकाळी ११:००

मंगळवारी रात्री पुण्यात आलो. परतीत थेंबभरही ऑइल घालावं लागलं नाही. बाटलीतल्या फडक्यात चमचाभर काळं पाणी-ऑइल साठलं होतं. काल नाना पेठेत जाऊन नवी चोच आणि तांब्याचे वायसर आणले. सगळं मिळून एका मिसळीच्या पैशात. दुकानदाराने सामान देताना विचारलं, "डिपस्टिक थंड बघितली होती का?" मी गप्प.

दोन महिन्यांपूर्वीच्या गॅरेजवाल्याकडेही गेलो. कोल्हापूरहून मी त्याला फोनवर बरंच बोललो होतो. पॅकिंग त्याने व्यवस्थितच बसवली होती. चहा पाजला.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी दोन थेंब, रुपयाएवढे. आईने बघितला आणि म्हणाली, "एवढंच? ह्यांच्या वेळी तर वर्तमानपत्र भिजायचं."

---

वाचकपंत | सकाळी ११:२०

शब्दखुणांत अजून 'व्हिंटेज' आहे.

---

राजदूतप्रेमी | दुपारी १:०५

छान माहिती. माझ्याही गाडीच्या किकच्या दांड्याजवळून ऑइल येतंय, गाडी आठ महिने उभी होती, काल डिपस्टिक...

---

जुनाफिटर | दुपारी १:०७

नवा धागा काढ. आणि काही ओतू नकोस, मी येईपर्यंत.